ऑटोमॅटिक गाडी 'पी'मध्ये अडकली, तर न्यूट्रलमध्ये कशी आणायची?

गाडी काढायची घाई आहे. ब्रेकवर पाय आहे, हात गिअर लिव्हरवर आहे, पण लिव्हर 'पी'मधून इंचभरही हलत नाही. मॅन्युअल गाडीत असं झालं असतं तर क्लच दाबून न्यूट्रल केलं असतं आणि चार माणसांनी ढकलून गाडी बाजूला घेतली असती. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडलच नसतं. मागे हॉर्न वाजायला लागतात आणि मग माणूस लिव्हरवर जोर लावू लागतो.

नेमकं हेच करायचं नसतं. 'पी'मध्ये अडकलेली गाडी बहुतेक वेळा बिघडलेल्या गिअरबॉक्समुळे अडकत नाही. फ्यूज, ब्रेक लाइटचा स्विच, उतरलेली बॅटरी किंवा गाडी उभी करतानाची एखादी सवय, अशी साधी कारणं त्यामागे असतात. आणि बऱ्याच गाड्यांमध्ये कंपनीनेच यासाठी एक आडवाट ठेवलेली असते. ती वापरण्याआधी हे कुलूप कशासाठी आहे, हे समजून घेणं गरजेचं आहे. कारण ते उघडल्यावर गाडीला जागेवर धरून ठेवणारी एक मोठी गोष्ट निघून जाते.

'पी'मध्ये गाडी नेमकी कशाने अडते?

'पी'मध्ये एक नाही, तर दोन कुलुपं असतात.

पहिलं कुलूप गिअरबॉक्सच्या आत असतं. चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टवर खाचा असलेलं एक चाक बसवलेलं असतं. तुम्ही लिव्हर 'पी'मध्ये टाकला की धातूची एक खिट्टी त्या खाचेत जाऊन बसते. त्यामुळे शाफ्ट फिरत नाही आणि चाकंही फिरत नाहीत. उतारावर 'पी' टाकून ब्रेक सोडला की गाडी थोडीशी सरकून 'खट्' करून थांबते. ती खिट्टी खाचेत बसण्याची वेळ असते.

दुसरं कुलूप लिव्हरच्या बुडाशी असतं. त्याला शिफ्ट लॉक म्हणतात. विजेवर चालणारी एक छोटी कडी लिव्हरला 'पी'मध्ये अडवून ठेवते. इग्निशन चालू असेल आणि ब्रेक पेडल दाबलेलं असेल, तरच ती बाजूला होते. ब्रेक दाबल्याची खबर तिला मिळते ती सहसा ब्रेक लाइटच्या स्विचकडून. म्हणजे मागचा लाल दिवा लावणारा स्विच आणि तुमचा गिअर लिव्हर यांचा थेट संबंध आहे.

पहिलं कुलूप गाडीला धरतं, दुसरं लिव्हरला. गाडी अडकली की यातलं कोणतं अडलं आहे, हे ओळखणं ही पहिली पायरी.

हे दुसरं कुलूप आलं कुठून?

आज ज्या कुलुपाचा वैताग येतो, ते जीव वाचवण्यासाठी आलेलं आहे.

१९८०च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीबद्दल तक्रारींचा पाऊस पडला होता. 'पी'मधून गिअर बदलताच गाडी आपोआप सुसाट सुटते, असं चालकांचं म्हणणं होतं. नोव्हेंबर १९८६मध्ये सीबीएस वाहिनीच्या 'सिक्स्टी मिनिट्स' कार्यक्रमाने हा विषय देशभर नेला आणि ऑडीच्या विक्रीला मोठा फटका बसला. पुढे अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएचटीएसएने, अशा तक्रारींचा अभ्यास केला. १९८९च्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की बहुतांश प्रकरणांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता.

त्याआधीच, १९८७मध्ये, ऑडीने जुन्या गाड्या परत बोलावून त्यात शिफ्ट लॉक बसवायला सुरुवात केली होती. कल्पना साधी होती. पाय ब्रेकवर असल्याशिवाय लिव्हर 'पी'मधून निघणारच नाही. मग 'पी'मधून गिअर काढताना चुकीचं पेडल दाबलं जाण्याची भीतीच उरत नाही.

या कुलुपाचा दुसरा फायदा लहान मुलांच्या बाबतीत आहे. गाडीत खेळणाऱ्या मुलाने लिव्हर ओढला आणि उतारावरची गाडी सुटली, असे अपघात त्यामुळे टळतात. अमेरिकेत २००८मध्ये झालेल्या कायद्यानंतर १ सप्टेंबर २०१०पासून बनणाऱ्या, 'पी' असलेल्या ऑटोमॅटिक प्रवासी गाड्यांना हे कुलूप सक्तीचं झालं. जगभर विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये आज ते असतं.

लिव्हर का अडकतो? कारण कसं ओळखायचं?

घाईत हमखास विसरली जाणारी गोष्ट आधी तपासा. इग्निशन खरंच 'ऑन' आहे का? ब्रेक पुरेसा दाबला आहे का? इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीनदा दाबला की पेडल कडक होतं आणि तेवढ्या जोराने ते पूर्ण खाली जात नाही. लिव्हरवरचं बटण नीट दाबलं जातंय का, तेही पाहा. हे सगळं बरोबर असेल तर पुढची लक्षणं तपासा.

● डॅशबोर्डवर दिवेच लागत नाहीत किंवा खूप मंद लागतात: बॅटरी उतरली आहे. विजेविना शिफ्ट लॉकची कडी हलत नाही.

● डॅशबोर्ड ठीक आहे, पण ब्रेक दाबल्यावर मागचे ब्रेक लाइट लागत नाहीत: एकाला गाडीमागे उभं करून बघायला सांगा. एकही ब्रेक लाइट लागत नसेल, तर ब्रेक लाइटचा स्विच किंवा त्याचा फ्यूज गेला असण्याची शक्यता जास्त. पुश बटणाच्या गाड्यांमध्ये याच कारणाने इंजिनही सुरू होत नाही, कारण ब्रेक दाबल्याचं गाडीला कळतच नाही.

● ब्रेक लाइट लागतात, तरी लिव्हर हलत नाही: कडी स्वतःच बिघडली असेल किंवा लिव्हरच्या फटीत काहीतरी गेलं असेल. तिथे सांडलेला चहा किंवा कोल्ड्रिंक वाळून चिकट झालं, एखादं नाणं घरंगळलं, तरी लिव्हरचं बटण अडकतं.

● गाडी उतारावर आहे आणि लिव्हर हलतोय, पण खूप जड लागतोय: इथे वीज नाही, वजन आडवं आलं आहे. म्हणजे पहिलं कुलूप अडलं आहे.

फ्यूज तपासणं अवघड नसतं. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत कोणता फ्यूज कशाचा, ते दिलेलं असतं. जळालेल्या फ्यूजच्या आतली तार तुटलेली दिसते. त्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज लावायचा. जास्त अँपिअरचा लावला तर वायरिंग जळू शकतं.

सगळ्यात आधी गाडी धरून ठेवा

कारण काहीही असो, लिव्हरला हात लावण्याआधी दोन गोष्टी करायच्या.

एक, हँडब्रेक पूर्ण ओढा. दोन, चाकांना विटा किंवा मोठे दगड लावा. उतार ज्या बाजूला आहे, त्या बाजूने लावा. घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर सगळ्यात आधी उडी मारून चाकाला दगड लावतो, तो उगाच नाही.

गाडी 'पी'मधून न्यूट्रलमध्ये आली की खिट्टी खाचेतून निघते. त्यानंतर हँडब्रेक आणि दगड सोडले तर गाडीला धरणारं काहीच नसतं. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या पार्किंगलाही पाणी वाहून जावं म्हणून थोडा उतार दिलेला असतो, आणि एक टनाच्या गाडीला तेवढा पुरतो.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे जून २०१६मध्ये जगाने पाहिलं. 'स्टार ट्रेक' चित्रपटांमधला २७ वर्षांचा अभिनेता अँटन येल्चिन लॉस एंजेलिसमध्ये आपल्या घराच्या उतरत्या रस्त्यावर गाडीतून उतरला होता. त्याची जीप ग्रँड चेरोकी मागे घरंगळली आणि तो विटांचा खांब आणि गाडी यांच्यामध्ये चिरडला गेला. गाडी न्यूट्रलमध्ये सापडल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. त्या मॉडेलच्या गिअर लिव्हरमुळे गाडी 'पी'मध्ये आहे असं समजून लोक उतरतात, या कारणावरून कंपनीने एप्रिल २०१६मध्येच सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या.

तो प्रश्न लिव्हर अडकण्याच्या बरोबर उलट होता. पण धडा एकच आहे. न्यूट्रलमधल्या गाडीच्या पुढे किंवा मागे, उताराच्या बाजूला, कोणीही उभं राहायचं नाही. घरंगळणारी गाडी हाताने थांबवायला जाणं, हे तर कधीच करायचं नाही.

उतारावर लिव्हर जड झाला असेल तर

उतारावर गाडी उभी करून थेट 'पी' टाकला, मग ब्रेक सोडला आणि शेवटी हँडब्रेक ओढला, तर गाडीचं सगळं वजन त्या छोट्या खिट्टीवर येतं. खिट्टी खाचेत इतकी घट्ट दाबली जाते की ती काढणं जड जातं.

अशा वेळी ब्रेक दाबून ठेवा आणि लिव्हर ठामपणे, पण झटका न देता ओढा. तरीही निघाला नाही तर खिट्टीवरचं वजन कमी करावं लागेल. त्यासाठी गाडी चढाच्या दिशेने थोडीशी सरकावी लागते. चालक आत बसून ब्रेकवर पाय ठेवून तयार राहतो आणि हँडब्रेक सोडतो. बाकीचे बाजूने, दाराच्या खांबाला धरून गाडी चढाकडे रेटतात. गाडी एक-दोन इंच सरकली की चालक ब्रेक दाबून लिव्हर काढतो. चाकांना लावलेले दगड या वेळी तसेच राहू द्यायचे. उतार तीव्र असेल, तर हा प्रयोग करूच नका. टोइंगवाल्याला बोलवा, तो दोर लावून वजन काढतो.

शिफ्ट लॉक रिलीज: कंपनीने ठेवलेली आडवाट

वीज किंवा स्विचमुळे लिव्हर अडकला असेल, तर होंडा, टोयोटा, ह्युंदाई, किआ अशा अनेक कंपन्यांच्या लिव्हर असलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये लिव्हरजवळ एक छोटं चौकोनी झाकण दिसतं. त्यावर किंवा शेजारी अनेकदा 'शिफ्ट लॉक' असं लिहिलेलं असतं. ते शिफ्ट लॉक हाताने उघडण्यासाठीच असतं.

साधारण क्रम असा:

१. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद ठेवा. चावी नेमकी कोणत्या स्थितीत हवी, हे गाडीगणिक वेगळं असतं. ते पुस्तिकेत पाहा.

२. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळा आणि त्याने झाकण हलकेच उचला. कापड नसेल तर प्लास्टिकवर ओरखडे येतात.

३. ब्रेक दाबून ठेवा.

४. आतल्या खाचेत चावी किंवा स्क्रू ड्रायव्हर सरळ खाली दाबा. काही गाड्यांमध्ये तिथे बटणच असतं.

५. ते दाबून ठेवूनच लिव्हरचं बटण दाबा आणि लिव्हर 'एन'पर्यंत आणा.

६. झाकण परत बसवा. उघड्या खाचेत धूळ आणि नाणी जातात.

काही युरोपीय गाड्यांमध्ये असं झाकण नसतं. तिथे लिव्हरच्या बुडाशी असलेलं चामड्याचं किंवा रेक्झिनचं आवरण उचललं की आत सोडवणारी कडी सापडते. तुमच्या गाडीत ती कुठे आहे, हे गरज पडण्याआधी एकदा शोधून ठेवलेलं बरं.

एवढं करूनही लिव्हर हलला नाही, तर तिथेच थांबा. जोर लावून लिव्हर मोडला किंवा गिअरबॉक्सकडे जाणारी केबल निसटली, तर छोट्या बिघाडाचं मोठं काम होतं.

लिव्हरऐवजी बटण किंवा गोल डायल असेल तर?

अनेक नव्या गाड्यांमध्ये आणि बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये लिव्हर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये केबलच नसते. तुम्ही डायल फिरवता, तेव्हा फक्त एक संदेश जातो आणि खिट्टी मोटरने हलते. वीज नसेल तर संदेशही नाही आणि मोटरही नाही.

अशा गाडीत पहिला उपाय म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीला दुसऱ्या बॅटरीवरून वीज देणं, म्हणजेच जंप स्टार्ट. इलेक्ट्रिक गाडीतही मोठ्या बॅटरीशिवाय ही छोटी बॅटरी असते आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. काही गाड्यांमध्ये पॅनेलखाली खिट्टी हाताने सोडवण्याचा पट्टा असतो, पण सगळ्यांमध्ये नसतो.

इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकचंही असंच आहे. बटणाने लागणारा हा ब्रेक वीज नसेल तर सहसा सुटत नाही. म्हणजे शिफ्ट लॉक उघडून गाडी न्यूट्रलमध्ये आणली, तरी मागची चाकं धरलेलीच राहतात. तिथेही आधी बॅटरीच पाहावी लागते.

एएमटी गाडीत 'पी' दिसतच नाही, मग?

भारतात २०१४मध्ये मारुती सुझुकी सेलेरिओपासून एएमटी गाड्या आल्या आणि कमी किमतीमुळे लोकप्रिय झाल्या. या गाड्यांचा गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हाताळतं. त्यामुळे बहुतेक एएमटी गाड्यांमध्ये 'पी' नसतोच. गाडी गिअरमध्ये ठेवून आणि हँडब्रेक ओढून उभी करायची असते.

म्हणजे 'पी'मध्ये अडकण्याचा प्रश्न इथे येत नाही. पण गाडी गिअरमध्ये असताना बॅटरी उतरली, तर गिअर काढणाऱ्या यंत्राला वीज मिळत नाही आणि लिव्हर 'एन'वर नेऊनही आतला गिअर सुटत नाही. उपाय पुन्हा बॅटरीचाच.

न्यूट्रलमध्ये आली. आता ढकलायची कशी?

स्टिअरिंगकडे आधी लक्ष द्या. चावी काढलेली असेल तर स्टिअरिंग लॉक होतं. चावी लावून ते मोकळं करा, नाहीतर गाडी वळणारच नाही. इंजिन बंद असल्याने स्टिअरिंग जड लागेल आणि ब्रेकही कडक होईल. म्हणून आत बसणारी व्यक्ती गाडी चालवता येणारीच हवी. दगड सगळ्यात शेवटी काढा, हँडब्रेक हळूहळू सोडा आणि माणसाच्या चालीपेक्षा वेग वाढू देऊ नका.

धक्का मारून ऑटोमॅटिक गाडी सुरू करण्याच्या फंदात पडू नका. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी गाड्या तशा सुरू होत नाहीत. ढकलायचं ते फक्त गाडी बाजूला घेण्यापुरतं.

लांब न्यायची असेल, तर सगळी चाकं वर राहतील असं फ्लॅटबेड वाहन मागवा. गाडी न्यूट्रलमध्ये आहे म्हणून ती दोराने कितीही लांब ओढता येते, हा गैरसमज आहे. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरती असली की आतले भाग तेलाविना घासले जातात. क्रेनने एकच बाजू उचलायची असेल, तर इंजिनची ताकद ज्या चाकांना मिळते, ती चाकं वर हवीत. बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची असतात, इनोव्हा क्रिस्टासारख्या गाडीत मागची. चारही चाकांना ताकद मिळत असेल, तर फ्लॅटबेडशिवाय पर्याय नाही.

सोसायटीतली 'न्यूट्रलमध्ये ठेवा' ही पद्धत

मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये आणि मॉलमध्ये दुसऱ्याच्या गाडीपुढे आडवी गाडी लावली, तर ती न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न ओढता ठेवायची पद्धत आहे. ती ढकलून मागची गाडी काढता यावी म्हणून. ऑटोमॅटिक गाडीची चावी 'पी' टाकल्याशिवाय सहसा निघत नाही. म्हणून अनेक जण आधी गाडी बंद करतात, मग शिफ्ट लॉक दाबून ती न्यूट्रलमध्ये आणतात.

हे जमतं, पण तेव्हा त्या गाडीला धरणारं काहीही नसतं. फरशी अगदी सपाट नसेल किंवा आसपास मुलं खेळत असतील, तर ही पद्धत टाळलेलीच बरी. वॉचमनकडे फोन नंबर ठेवणं त्यापेक्षा सोपं आहे.

आता निघाली, म्हणजे झालं का?

नाही. शिफ्ट लॉक रिलीज वापरून गाडी 'डी'मध्ये टाकता येते आणि चालवताही येते. पण ब्रेक लाइटचा स्विच गेला असेल, तर तुम्ही ब्रेक दाबल्याचं मागच्या गाडीला कळणार नाही. एक्स्प्रेस वेवर किंवा पावसात हे फार महागात पडू शकतं. अशा गाडीला रस्त्याच्या कडेला घेण्यापुरतंच हलवा आणि दुरुस्तीला द्या. स्विच किंवा फ्यूज बदलणं हे गिअरबॉक्सच्या दुरुस्तीच्या तुलनेत अगदी किरकोळ काम आहे.

उतारावर अडकण्याचा प्रश्न तर फक्त क्रम बदलून सुटतो. गाडी थांबवली की ब्रेकवर पाय तसाच ठेवा. लिव्हर 'एन'मध्ये आणा, हँडब्रेक ओढा, ब्रेक हलकेच सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या. मग पुन्हा ब्रेक दाबून 'पी' टाका. निघताना आधी ब्रेक दाबून 'पी' काढा आणि हँडब्रेक शेवटी सोडा. या क्रमाने वजन चाकांच्या ब्रेकवर राहतं, खिट्टीवर येत नाही, आणि लिव्हर दुसऱ्या दिवशी सकाळी सहज निघतो.